बिनपरवाना अंकातली छत्रीवाली

कलसोम बिन्ती देरामान ही अख्ख्या क्वालालंपूरमधली सगळ्यात जास्त चावट मजकूर वाचलेली बाई असावी, आणि तिच्याइतकी भिडस्त बाई मी दुसरी पाहिली नाही. बसमध्ये शेजारी परका पुरुष येऊन बसला तर ही उठून उभी राहायची. मात्र सकाळी आठ ते सव्वाचार सरकारी कचेरीत तिच्यासमोर देशभरातून जप्त करून आणलेली मासिकं, कॅलेंडरं आणि चित्रकथा यांचा ढीग असे, आणि तो ती पालेभाजी निवडावी तसा निवडत असे. मी नऊ वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसले. वयानं थोरली म्हणून मी तिला काक म्हणायचे. ती माझं हसनाह हे नाव तोडून नुसतं नाह म्हणायची.

काम साधं होतं. बाहेरच्या देशातून आलेलं मासिक असेल तर नको ते चित्र जाड काळ्या पेनानं झाकायचं. इथेच छापलेलं असेल तर अहवाल लिहायचा: कुठल्या पानावर काय आहे, कितपत वाईट आहे, विकू द्यावं की बंदी घालावी. त्या पेनांच्या शाईला असा वास यायचा की दुपारपर्यंत डोकं धरायचं. संध्याकाळी काक लिंबाची फोड घेऊन बोटं घासत बसायची.

"बसमधल्या लोकांना वाटतं मी गॅरेजमध्ये कामाला आहे," ती म्हणायची.

"मग सांग ना त्यांना खरं काय करतेस ते."

"त्यापेक्षा गॅरेज बरं."

तिचे अहवाल कचेरीत प्रसिद्ध होते. "पान सहा. पुरुष एक, स्त्री एक, कपडे अपुरे. विनोद जुना." तुआन बहारोम, आमचे साहेब, त्यातलं 'विनोद जुना' दर वेळी खोडायचे, आणि ती दर वेळी पुन्हा लिहायची. चित्र वाईट असेल तर एक वेळ माफ, पण टाकाऊ असेल तर तिला राग यायचा. चित्र कशाला म्हणतात हे तिला कळत होतं, कारण तिच्या घरात चित्रकार होता.

काक मूळची केलांतानची, नदीकाठच्या एका गावातली. ती एकोणीस वर्षांची असताना पुरात वडील गेले. घरात आई आणि अकरा वर्षांचा भाऊ, लुकमान. टायपिंग शिकलेली असल्यामुळे ती राजधानीत आली, कचेरीत लागली, आणि चार वर्षांनी भावाला शाळेसाठी आपल्याजवळ घेऊन आली. तिचं लग्न दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली, लुकमानचं मार्गी लागू दे. लुकमानचं मार्गी लागेपर्यंत तिला विचारायला येणारे थांबले होते. याबद्दल ती रडगाणं गात नसे. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाकडे लुकमान चित्रं काढायचा: बेडकाचं पोट, भाताची मुळं, माणसाचं काळीज. ती पुस्तकं काकनं प्लॅस्टिकची कव्हरं घालून काचेच्या कपाटात, ठेवणीतल्या बशांशेजारी ठेवली होती. पाहुणा आला की आधी बेडूक दाखवायची आणि मग चहा टाकायची.

एक्याण्णव साली बिनपरवान्याचे मलय चित्रकथांचे अंक फार सुटले होते. बत्तीस पानं, दोन पिना, छापखान्याचं नाव नाही, परवान्याचा नंबर नाही. मुखपृष्ठावर जेवढा धीटपणा तेवढा आत नसायचा, पण आतही आमच्या टेबलावर येण्याइतका असायचाच. बसस्थानकावरचे पेपरवाले ते अंक खेळांच्या पेपरात गुंडाळून द्यायचे. लॉरीवाले घ्यायचे, सैनिक घ्यायचे, कॉलेजच्या वसतिगृहांत एक अंक चाळीस हातांतून फिरायचा. न्हाव्यांच्या दुकानांत तर ते आरशामागेच ठेवलेले असायचे.

मार्चमधल्या एका सोमवारी पोलिसांनी तसल्या अंकांची दोन पोती आणून टाकली. तुआन बहारोम स्वतः खोलीबाहेर आले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पायांत चपला, हातात बिनसाखरेचा चहा.

"कलसोम, हे तुम्हीच घ्या. पोलिसांना शुक्रवारी अहवाल पाहिजे."

"शुक्रवारी? दोन पोती आहेत, तुआन."

"बरेचसे अंक तेच तेच आहेत. वेगळे असे सात. या वेळी ते विकणाऱ्यांच्या मागे नाहीत, चित्रं काढणाऱ्याच्या मागे आहेत. दोन वर्षं एकच हात दिसतोय म्हणतात. 'बोथट पेन' अशी सही करतो. सापडला तर सरळ आत."

काकनं पहिला अंक उघडला. मी तळलेली केळी खात खात माझ्या कॅलेंडरांवर काळं फासत होते. अर्धा तास झाला असेल. एरवी ती पानं भराभर उलटायची, त्यांचा आवाज यायचा. तो थांबला म्हणून मी मान वर केली.

"नाह, खिडकी उघड जरा."

खिडकी उघडीच होती. मी तसं म्हटलं. तिनं पुढचा अंक उघडला, मग त्याच्या पुढचा. सातही अंक तिनं तसेच पाहिले, सगळे एकाच पानाशी थांबत. मग उठून साहेबांकडे गेली आणि पोटात दुखतंय म्हणून घरी गेली. इतक्या वर्षांत तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

कचेरी सुटल्यावर मी तांदळाची पेज करून डब्यात घेतली आणि कांपुंग बारूत तिच्या घरी गेले. अजून चांगलं ऊन होतं. दार उघडंच होतं. काक जमिनीवर बसली होती आणि तिच्याभोवती काचेच्या कपाटातली सगळी पुस्तकं पसरलेली. बेडूक, भात, काळीज. मधोमध सोमवारच्या पोत्यातला एक अंक.

मी डबा खाली ठेवला. "काक, हा अंक तू कचेरीतून आणलास?"

"आणला."

ती कचेरीची पेन्सिलसुद्धा घरी आणत नसे. मी गुपचूप तिच्या शेजारी बसले.

"हे घर बघ," ती म्हणाली.

"बघितलं. खांबांवरचं घर. अशी लाखभर असतील."

"शिडी बघ. तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा रुंद आहे. मोडली होती, तेव्हा बाबांनी तिथे जुन्या होडीची फळी ठोकली. सात अंकांत सात वेळा हीच शिडी आहे." तिनं बेडकाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "आता या बेडकाच्या पायाची बोटं बघ, आणि या माणसाच्या हाताची. शेवटचं बोट बाहेरच्या बाजूला वळतं. लहानपणापासून त्याला ते बोट सरळ काढता येत नाही."

मी दोन्ही पाहिलं. दोन्ही बोटं एकाच हातानं काढलेली होती.

"आणि ही कोण?" मी विचारलं.

कारण त्या पानावर आणखी एक बाई होती. उंच, रुंद हनुवटीची, डोईचा रुमाल टाचणीनं घट्ट बसवलेला, नाकावर चष्मा. गोष्टीतला नायक नायिकेकडे झुकतो, पुढच्या चौकटीत काय दिसणार म्हणून वाचणारा पान उलटतो, तर पुढच्या चौकटीत ही बाई हजर आणि तिची उघडलेली छत्री. छत्रीनं अर्धीअधिक चौकट व्यापलेली. छत्रीमागून फक्त दोन चकित डोकी. आणि बाईच्या तोंडी एकच वाक्य: "कोंबड्या कोण कोंडणार, लाटसाहेब?"

"हे आमच्या आईचं वाक्य आहे," काक म्हणाली. "आम्हा दोघांशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. आणि ही बाई मी आहे."

मला हसू आलं ते मी दाबू शकले नाही. खोटं कशाला सांगू, ती बाई इतकी हुबेहूब होती की टाचणीसुद्धा डाव्या बाजूला होती. काक हसली नाही. तिनं पेज खाल्ली, डबा धुतला, मला परत दिला.

"दर महिन्याला हे अंक आपल्याकडे येत होते," ती म्हणाली. "म्हणजे याच्या आधीचे. ते तुझ्या टेबलावर गेले होते ना?"

ते माझ्या टेबलावर आले होते. मी त्यांवर बंदी लिहिली होती. छत्रीवालीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

बुधवारी कचेरी सुटल्यावर आम्ही दोघी सेंतुलला गेलो. लुकमान एका टायरच्या दुकानावर खोली घेऊन राहायचा. मी येत नाही, तुमचं घरचं आहे, असं मी म्हटलं तर काक म्हणाली, "तू ये. तू नसलीस तर मी त्याला मारीन." तो तीस वर्षांचा होता.

लुकमाननं दार उघडलं. त्याला पाहिल्यावर मला पहिली गोष्ट दिसली ती ही की, त्याचीही बोटं काळी होती. काकनं पिशवीतून अंक काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो उघडलाही नाही. भिंतीला टेकून तो हळूहळू खाली बसला.

"आला एकदाचा तुझ्या टेबलावर," तो म्हणाला.

"एवढंच बोलायचंय तुला?"

"काक, मी दोन वर्षं याचीच वाट बघतोय. आधी वाटायचं आज येईल, उद्या येईल. मग वाटायला लागलं, येऊन जाऊ दे एकदा."

"शाळेच्या पुस्तकांचं काय झालं?"

"ते काम सुटलं. त्यांनी फोटो छापायला घेतले. बेडकाचा फोटो मिळतो तर चित्र कशाला?"

"मला सांगितलं नाहीस."

"तू कपाटात पुस्तकं लावत होतीस. काय सांगणार होतो?"

काक उभीच होती. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कागद होते. मी ते उचलून खाली ठेवले आणि तिला बसवलं. कागदांवर अर्धवट काढलेली पानं होती. मी व्यवसायानं निर्लज्ज झालेली बाई, पण भावाच्या खोलीत बहिणीदेखत ती पानं बघायला मलाही जड गेलं.

"आणि मला तिथे उभं केलंस," काक म्हणाली. "त्या बायांमध्ये. छत्री घेऊन."

"सबंध अंकात अंगभर कपडे घातलेली तू एकटीच आहेस, काक."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मागून काकचा आवाज आला, पण तो रागाचा आहे की कशाचा ते मला समजेना.

"मस्करी करू नकोस."

"करत नाही. टोके, म्हणजे पैसे देणारा मालक, म्हणायचा, अजून धीट काढ. अंक खपतो तो त्याच्यावरच. मी काढायला बसलो की मला तू दिसायचीस, टेबलावर बसलेली, वाचणारी. हे कधी ना कधी तू वाचणार हे मला ठाऊक होतं. मग मी छत्री काढायचो. टोके चिडला पहिल्यांदा. नंतर वाचणाऱ्यांनाच आवडायला लागली. कोंबड्यांचं वाक्य कधी येतं म्हणून लोक अंक घ्यायला लागले. मग तोच म्हणाला, म्हातारी ठेव."

"म्हातारी?"

"तो म्हणाला. मी नाही."

खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र चालू झालं आणि बंद झालं. मग लुकमान रडायला लागला. मोठ्या माणसाचं रडणं मला बघवत नाही. काक खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"मला थांबायचंय," तो म्हणाला. "सहा महिने झाले मी सांगतोय. त्याच्याकडे माझी सगळी मूळ पानं आहेत. तो म्हणतो, तू थांबलास तर मी पानं आणि तुझं खरं नाव पोलिसांना देईन. रस्त्यात खाकी दिसली की मी गल्लीत शिरतो, काक. त्या दिवशी पोस्टमनला बघून शिरलो."

"पोस्टमनची खाकी फिकट असते," काक म्हणाली.

"तेवढं बघायला थांबतो कोण?"

त्यावर तिला हसू आलं. मग त्यालाही. मला वाटलं, आता मी चहा करायला हरकत नाही.

पुढचं सगळं काकनं तिथेच ठरवलं. अहवाल ती लिहिणार नाही, कारण तो खोटा लिहिता येत नाही आणि खरा लिहवत नाही. साहेबांना उद्या सकाळी जे आहे ते सांगायचं. आणि शुक्रवारी नमाज झाल्यावर दोघांनी मिळून पोलिसात जायचं. "पोलीस वर चढून येण्याआधी आपण आपल्या पायांनी जाऊ," ती म्हणाली. लुकमाननं नुसती मान डोलावली. मला त्याचा चेहरा आठवतो. भीती गेली नव्हती, पण ताप उतरल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत तिनं मलाही नेलं. तुआन बहारोम चहा ढवळत होते. त्यात साखर नव्हती, तरी ते ढवळायचे.

"तुआन, ही फाईल मला ठेवता येत नाही."

"का?"

"यात माझ्या नात्यातल्या माणसाचा संबंध आहे. काढणारा..."

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी चमचा बशीत ठेवला. "नात्यातल्या माणसाचा संबंध आहे, एवढं मी ऐकलं. नियम सांगतो की मग फाईल दुसऱ्या टेबलावर द्यायची. नातं कुठलं, माणूस कोण, हे नियम विचारत नाही. ते विचारणं पोलिसांचं काम."

"मी उद्या पोलिसांना सांगणारच आहे, तुआन."

"मग आधी मला सांगून शिळं कशाला करता? हसनाह, फाईल तुम्ही घ्या. शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

बाहेर आल्यावर काकनं सोमवारी घरी नेलेला अंक पोत्यात परत ठेवला, आणि तो नेल्याची चूक रजिस्टरवर स्वतःच्या अक्षरात लिहिली. साहेबांनी ती नोंद वाचली आणि खाली सही केली, बाकी काही नाही.

अहवाल मी लिहिला. मन घट्ट करून लिहिला. मुखपृष्ठं अश्लील, परवाना नाही, छापखान्याचं नाव नाही, बंदी घालावी. फॉर्ममध्ये चित्रांच्या दर्जासाठीही एक रकाना आहे. तो आम्ही सहसा रिकामा सोडायचो. मी त्यात लिहिलं: रेखाटन चांगले. साहेबांनी ते खोडलं नाही.

शुक्रवारी दुपारी काक आणि लुकमान पोलीस ठाण्यात गेले. काकनं उकडलेली अंडी आणि पाण्याची बाटली नेली होती, कारण तिच्या मते सरकारी जागेत उपाशी जाणारा माणूस गुन्हेगार दिसतो. तीन तास बाकावर बसले. काय झालं ते मला तिनं शनिवारी सकाळी सांगितलं, एकेक वाक्य दोनदा सांगत.

इन्स्पेक्टर तरुण होता आणि कंटाळलेला होता. लुकमाननं आपलं नाव सांगितलं, 'बोथट पेन' म्हणजे मीच असं सांगितलं, तसा तो सरळ बसला.

"छापतो कोण?"

"माहीत नाही, तुआन. मी पानं एका माणसाला देतो. दर वेळी वेगळ्या हॉटेलात."

"नाव?"

"सगळे टोके म्हणतात."

"या शहरात दहा हजार टोके आहेत. दिसतो कसा?"

लुकमान सांगायला लागला. साधारण उंची, साधारण अंग. इन्स्पेक्टरनं लिहिणं थांबवलं. "असा माणूस मीसुद्धा आहे," तो म्हणाला. तेव्हा काकनं इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"त्याला कागद द्या."

इन्स्पेक्टरनं एका फॉर्मची कोरी बाजू आणि बॉलपेन दिलं. लुकमाननं तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, तो माणूस काढला. काक सांगत होती की तिनं भावाला आयुष्यभर चित्र काढताना पाहिलं, पण इतक्या शांतपणे कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांखालच्या पिशव्या, एका बाजूनं झडलेली भुवई, सिगारेट धरायची लकब, सगळं. चित्र पूर्ण व्हायच्या आत इन्स्पेक्टरनं मागच्या खोलीतून एका जुन्या हवालदाराला हाक मारली. हवालदारानं खांद्यावरून वाकून पाहिलं.

"अरे, हा होय," तो म्हणाला. "हा तर आधी लॉटरीची खोटी तिकिटं छापायचा. गाल जरा भरलेत याचे."

"हो, भरलेत," लुकमान म्हणाला. "गेल्या वर्षभरात."

चार दिवसांनी क्लांगच्या रस्त्यावरच्या एका गोदामात तो माणूस सापडला, यंत्रासकट. लुकमानची मूळ पानंही तिथेच होती, ती पोलिसांनी ठेवून घेतली. लुकमानला साक्षीदार केलं. तरी त्याच्यावर वेगळा खटला भरायचा की नाही हे वरच्या कचेरीवर होतं, आणि ती कचेरी सावकाश चालायची. दहा आठवडे गेले. त्या दहा आठवड्यांत काक चार किलो उतरली. डब्यात आणलेला भात ती मला द्यायची आणि मी जाड झाले. टेबलावर ती आता फक्त कॅलेंडरं घ्यायची. चित्रकथा आली की माझ्याकडे सरकवायची.

मे महिन्याच्या शेवटी पत्र आलं. ते कचेरीच्या पत्त्यावर आलं होतं, कारण लुकमाननं पोलिसांना बहिणीचा पत्ता दिला होता. काकनं पाकीट माझ्या हातात दिलं.

"तू वाच."

मी वाचलं. दोन ओळी होत्या. लुकमान बिन देरामान यांच्याविरुद्ध कारवाई करण्याचा विचार नाही. यापुढे परवान्याशिवाय छापल्या जाणाऱ्या कामात भाग घेऊ नये अशी ताकीद.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "नाह, मला भूक लागलीये." आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेलो. तिनं नारळाच्या दुधातला भात, तळलेली कोंबडी आणि दोन आमलेटं खाल्ली. आणि वरून माझ्या ताटातलं काकडीचं तिखट.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. लुकमान म्हणत होता, मिटलंय तर कशाला सांगायचं? काक म्हणाली, "न सांगून दोन वर्षं काय मिळवलंस ते बघितलंय मी." जूनमधल्या सुट्टीत ते दोघं गावाला निघाले आणि मलाही बरोबर चल म्हणाले. मी मुआरची, दक्षिणेकडची. केलांतानची भाषा मला निम्मीच कळते आणि तिथली माशांची आंबवलेली चटणी मला अजिबात सोसत नाही, पण मी गेले. सकाळच्या बसनं दहा तास लागले.

ते घर मी ओळखलं. ओळखणारच. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताना मला उगाच लाजल्यासारखं झालं.

काकची आई, जिला दोघंही मोक म्हणायची, बुटकी, पानानं तोंड लाल झालेली, बहात्तर वर्षांची म्हातारी. तिनं आम्हाला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर काकनं हात धुतले, मांडी घातली आणि सरकारी पत्र वाचावं तशा आवाजात सगळं सांगून टाकलं. लुकमान चटईच्या काड्या मोजत होता. मोक पान लावत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विडा तोंडात टाकला.

"विहीर उजव्या हाताला काढलीये," ती लुकमानला म्हणाली. "डाव्या हाताला पाहिजे."

काकला आधी काही कळलंच नाही. "काय म्हणालीस, मोक?"

"विहीर. उलट्या बाजूला आहे. रजाब न्हाव्यानं गेल्या रमझानच्या आधीच आणून दाखवलं मला. दुकानात केस कापून घेताना कुणाला तरी आपली शिडी ओळखू आली. निम्म्या गावानं बघितलंय."

"आणि तू मला कळवलं नाहीस?"

"तुला काय कळवायचं? तुझं तर कामच ते. मला वाटलं, तू बघितलं असशील आणि चालू दिलं असशील."

"मी? चालू दिलं?"

"छत्री घेऊन तूच उभी होतीस की दर वेळी. मी म्हटलं, कलसोम लक्ष ठेवून आहे, मग काळजी नको."

लुकमाननं चटईतून डोकं वर केलं. काकचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग तिला हसू फुटलं. आवाज न करता, खांदे हलवत ती हसायला लागली आणि थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढून तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला. मोक तिच्याकडे जरा संशयानं बघत राहिली. "पाणी दे तिला," लुकमानला म्हणाली. "आणि तिकडे पोटभर खायला मिळतं की नाही तुम्हाला? किती वाळलीये."

"निम्म्या गावानं," काक म्हणत होती. "न्हाव्यानं. मी सोडून सगळ्यांनी."

त्या दुपारी ती माजघरात चटईवर आडवी झाली ती चार तासांनी उठली. मोक दोनदा जाऊन तिच्या नाकाशी हात धरून आली. लुकमान आणि मी खाली घराच्या सावलीत बसलो होतो. त्यानं मला सांगितलं की परवाना असलेल्या एका विनोदी मासिकानं त्याला बोलावलं आहे, महिन्याला चार पानं.

"छत्रीवाली?" मी विचारलं.

"संपादक म्हणाला, तीच पाहिजे. पण मी काकला विचारणार आहे. या वेळी आधी विचारणार आहे."

विचारलं त्यानं. तिनं आठ दिवस घेतले आणि दोन अटी घातल्या: वय चाळीसच्या वर दाखवायचं नाही, आणि टाचणी डावीकडे असली तरी रुमाल नीट इस्त्री केलेला पाहिजे.

ते जुने अंक बंदीच्या यादीत गेले, माझ्या अहवालावरूनच. त्याबद्दल लुकमाननं मला कधी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी तुआन बहारोम निवृत्त झाले, आणि जाण्यापूर्वी काकच्या अर्जावरून तिला शाळेच्या पुस्तकांच्या बाजूला बदलून दिलं. तिथे सगळे बेडूक फोटोतले. तिची बोटं आता स्वच्छ असतात.

दर शुक्रवारी लुकमान तिच्याकडे जेवायला येतो. कधी कधी मीही असते. जेवता जेवता तो त्या आठवड्यात काय काढलं ते सांगतो, आणि ती सांगते कुठला विनोद जुना आहे. तो वाद घालतो. तीही घालते.